डेन्मार्कच्या टीव्हीवरचे हात
तव्यावर बाजरीची भाकरी जरा करपली की त्या वासानं मला अजून कन्नड गावच्या घरातली ती दुपार आठवते आणि जीव जळतो. थोरल्या जाऊबाईंची लेक डेन्मार्कात नर्स आहे. तिथल्या एका टीव्ही चॅनलनं तिच्यावर कार्यक्रम करायचा ठरवला आणि तिचं माहेर टिपायला कॅमेरेवाली माणसं थेट आमच्या दारात आली. जाऊबाई जरीची साडी नेसून बाहेरच्या ओट्यावर बसल्या. मला म्हणाल्या, "तू भाकरीचं बघ, पाहुणं जेवतील." आमच्यात रीतच तशी, थोरली पाहुण्यांपुढं, धाकटी चुलीपुढं. कॅमेरेवाली एक पोरगी आत आली, उकिडवी बसून माझे हात टिपून गेली. तोंडाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिच्या नादात माझी तव्यावरची भाकरी करपली. तो चॅनल आपल्याकडं लागत नाही, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पुतणीनं व्हिडिओ कॉल लावून तिकडच्या टीव्हीसमोर मोबाईल धरला आणि आम्ही सगळे आमच्या शहरातल्या, बजाजनगरच्या घरात दाटीवाटीनं बघत बसलो. जाऊबाई लई रुबाबदार दिसल्या. मग पडदाभर माझे हात आले, हिरव्या बांगड्यांचे, भाकरी थापणारे, आणि मागून एक बाई डॅनिशमध्ये काहीतरी बोलली. "आई, त्या म्हणतायत, याच हातांनी लेकीला घडवलं," पुतणी रडतच म्हणाली, "किती छान दिसतायत गं तुझे हात!" जाऊबाईंनी आपले हात हळूच पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "व्हय." मी चहा टाकायला उठले. आता चुलीपाशी कुणी मोबाईल घेऊन आलं, की मी आधी तोंड वर करते.