पदराचे तीन इशारे

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी हातातला चहा खाली ठेवा.

हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या एका शाळेत मी चिमुरड्यांना टेनिस शिकवते. मला कुणी शिकवलं? भिंतीनं! नल्लकुंट्याच्या गल्लीत चेंडू आपटून आपटून शिकले. तेव्हाही साडीत, आजही साडीत.

यंदा शाळेनं आणली श्रवंती. पंचविशीची पोरगी. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, फाईलभर प्रमाणपत्रं. मुलं आपली 'टीचर, टीचर' करत तिच्यामागे! मी जळले का? छे हो, जळते कसली! पार कोळसा झाले.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "दोघींच्या जोड्या खेळवू. जिची जिंकेल, तिच्याकडे सगळी मुलं."

माझी मुलं? हिला? हूं!

माझी जोडी चौथीतली, चिन्नी आणि फराज. व्हॉली मी त्यांना घोटून घेतली. "टप्पा पडायच्या आत चेंडू अडवायचा. रॅकेट मागे न्यायची नाही. दार लावल्यासारखं, धप्प!" पण खेळ चालू असताना बाहेरून बोलायला बंदी. मग मी काढली युक्ती. पदर खोचला की जाळीकडे धावा. पदर सोडला की मागे पळा. पदरानं तोंड पुसलं की चेंडू बाहेर जातोय, सोडून द्या.

"समझे?"

"समझे, दादी!"

खेळ सुरू झाला. पहिले दोन गुण आमचे. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी श्रवंतीला नारळपाणी दिलं. तिला! आणि मी काय उन्हात पापड? संतापानं मी पदर खोचला.

दोघं सुसाट जाळीकडे. चेंडू डोक्यावरून मागे!

"अरे देवा!" म्हणत मी पदर सोडला. दोघं मागे. चेंडू पुढे!

तिकडे पालक श्रवंतीसाठी टाळ्या वाजवतात, "सुपर टीचर!" मी पुन्हा खोचला. पुन्हा सोडला. पोरं बिचारी झोपाळ्यासारखी पुढे-मागे. मला दरदरून घाम. मी तोंड पुसलं.

फराजच्या अगदी पुढ्यात आलेला चेंडू. त्यानं अदबीनं बाजूला होऊन त्याला वाट दिली!

"क्या रे, मारा क्यों नहीं?" मी बंदी विसरून ओरडले.

"तुमीच मूं पोंछे ना, दादी!"

हरलो. सपशेल.

धापा टाकत चिन्नी म्हणाली, "दादी, एक बी इशारा नईं छोड़े हमलोगां!" मी दोघांना जवळ घेतलं.

तेवढ्यात श्रवंती आली. वाटलं, आता मिरवणार. तर ही म्हणते, "अम्मा, मेरे बच्चे तो सीटी भी नहीं सुनते. आपके बच्चों ने एक बार भी आपसे नज़र नहीं हटाई. मुझे भी सिखाइए ना, कैसे करते?"

काय सांगू तिला? की बाई, त्यासाठी आधी माझ्यासारखं जळावं लागतं?

पण असं कुणी विचारलं की छाती फुगतेच हो! "सिखाती, सिखाती," म्हणत मी ऐटीत पदर खोचला.

आणि चिन्नी-फराज रॅकेट उचलून सुसाट जाळीकडे!