उदबत्ती विझेपर्यंत

विन्याचं खरं नाव वेनशेंग ल्याओ. पण मरोळमध्ये त्या नावाने हाक मारली तर तोसुद्धा वळून बघणार नाही. आजोबा चीनमधून आले, वडिलांनी नाक्यावर सलून काढलं, ते आता विन्या चालवतो. पन्नाशी उलटली तरी रविवारी विकेटकीपिंग चालूच. बासष्टच्या लढाईनंतर पोलिसांत हजेरी लावून लावून वडिलांना मान खाली घालून चालायची सवय लागली होती. मुलाचा खेळ ते झाडाआडून बघत. गेले तोवर टाळी कधी वाजवली नाही.

यंदा विन्या कॅप्टन झाला, टीम फायनलला पोचली, आणि फायनल नेमकी पितरांच्या दिवशी आली. एप्रिलातल्या त्या दिवशी चिनी घरांतली माणसं कबरी धुतात, वाढलेलं ताट पुढे ठेवतात आणि उदबत्ती लावतात. ती जळेपर्यंत गेलेलं माणूस जेवतं. तोवर थोरल्या मुलाने उठायचं नाही.

"जा तू मॅचला," आई म्हणाली. "ल्याओंचा मुलगा होता, मरोळवाल्यांनी नेला, असं सांगते त्यांना."

विन्या गुपचूप तिच्याबरोबर कब्रस्तानात गेला. पहाटेच निघायचं होतं, पण आईच्या गुडघ्यांनी उशीर केला. उदबत्ती जेमतेम अर्धी जळली असताना फोन वाजला. लवूचा. मॅचआधी पिचवर नारळ ठेवून मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालायचं काम लवूचं. बाकीच्यांनी मागून हुंकार द्यायचा.

"विन्या, खय आसस रे? नारळ घेवन उभो आसय. कॅप्टनाशिवाय गाऱ्हाणां कसां घालू?"

"अरे, बाबा जेवतायत ना अजून."

 बाबांना लवूनेही खांदा दिला होता.

"मगे बरां. स्पीकर लाव."

आणि कब्रस्तानात त्याचा आवाज घुमला. "बा देवा म्हाराजा! आज मरोळची टीम मैदानात उतारता हा, तिका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मैदानावरून सगळे ओरडले.

"आणि विन्याचो बापूस थय जेवक बसलो हा. त्येचां पोट भरांदे, त्येका कोण उठवूक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" विन्या इतक्या जोरात म्हणाला की पलीकडच्या कबरीवरची माणसं वळून बघू लागली. आईने त्याला गप्प केलं नाही.

उदबत्ती पुरती विझल्यावरच तो उठला. मैदानावर पोचेपर्यंत बदली कीपरने दोन कॅच सोडले होते. मरोळ हरलं.

"वाट लावलीस, कॅप्टन!" पोरं म्हणाली आणि त्याला खुर्ची दिली.

सोबत आलेल्या आईने मात्र लवूला पुढ्यात बोलावलं. "नवऱ्याचं म्हटलंस. माझ्या सासूबाईंचं कोण म्हणणार? त्या पण तिथेच जेवत होत्या."

"चुकलां, काकी. नाव काय त्येंचां?"

तिने सांगितलं. लवूच्या जिभेवर ते काही बसेना. विन्याने दोनदा म्हणून दाखवलं. लवूच्या तिसऱ्या खेपेला आईने मान डोलावली.

"चालेल. त्यांना तसंही कमी ऐकू यायचं."