दर रविवारी रुसणारा हेडफोन

आमच्या गल्लीत कॉम्प्युटर बिघडला की लिनक्सवाल्या मावशींना बोलावतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर बाईंनी हा उद्योग मांडला. कुणाचा जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की त्यात विंडोजऐवजी फुकटचं, हलकं लिनक्स घालायचं आणि भिंतीवर दोन ओळींचा कागद चिकटवायचा. ब्लूटूथ अडलं तर पहिली ओळ टाइप करून हेडफोनची जोडणी तोडा, दुसरी टाइप करून नव्याने जोडा.

आमच्याकडेही तो कागद आहे. सासूबाईंना कमी ऐकू येतं. रविवारी चारला माझ्या नणंदेचा व्हिडिओ कॉल असतो, आणि हेडफोनशिवाय त्यांना लेकीचं निम्मं बोलणं कळत नाही. महिनाभर नेमका कॉलच्या तोंडावर तो मेला कॉम्प्युटरपासून तुटायचा! मी माऊसने खटपट करेपर्यंत स्पीकर फुल्ल आवाजात, आणि सासूबाई रडकुंडीला. "अगं, काय म्हणाली ती?"

मामंजी शेजारीच, पेपरात डोकं घालून. पोरगी पक्की नोकरी सोडून नाटकात गेली, तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी तिच्याशी अबोला धरलाय. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने!

मावशी आल्या, पण हेडफोनला हातसुद्धा लावला नाही. टाइप करायची काळी खिडकी उघडून वरच्या बाणाची कळ दाबत राहिल्या. आधी टाइप केलेलं तिथे एकेक करून परत दिसतं. पहिली ओळ, जोडणी तोडणारी. पुन्हा पहिली ओळ. पुन्हा तीच. दुसरीचा पत्ताच नाही. आता मी माऊसवाली, सासूबाई तर कीबोर्डला शिवतही नाहीत.

मावशींनी पेपराकडे पाहिलं. पेपर जरा वर सरकला.

अस्सं होय! हेडफोन चालला तर लेकीचा आवाज एकट्या सासूबाईंना. तुटला तर सगळ्या घराला. मला हसू आवरेना, आणि खरं सांगते, गलबलूनही आलं.

"काय बिघडलंय हो?" सासूबाईंनी विचारलं.

"विशेष काही नाही, वयाचा परिणाम," मावशी म्हणाल्या. चेहरा असा की जणू त्या गावच्याच नाहीत. त्यांनी गुपचूप आवाज हेडफोनमध्येही सोडला आणि स्पीकरवरही. जाताना कागदावरची पहिली ओळ कात्रीने कापून पर्समध्ये टाकली.

रविवारी सासूबाईंनी हेडफोन चढवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आई, बाबा अजून रागावलेत का गं?" नणंदेने विचारलं.

"त्यांचं नको विचारूस. तुझं नावही काढू देत नाहीत."

"खोटं बोलतेय तुझी आई," पेपरामागून आवाज आला.

कान झाकलेल्या सासूबाईंना काही ऐकू गेलं नाही. नणंदेला गेलं.