बिराजदार साहेब आणि गव्हाची कोठी

पाडलेल्या विमानाजवळ बिराजदार साहेब दोन्ही हात पाठीमागे बांधून जायचे. आधी एक फेरी, मग उलट्या बाजूने दुसरी. तोवर तुकडीतलं कुणी साध्या नटालाही हात लावत नसे. मी पहिल्याच दिवशी लावायला गेले.

हवाई दलात इंजिनिअर म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते आणि सरहद्दीवर लढाई पेटली होती. शत्रूची पाडलेली विमानं, बहुतेक बिनवैमानिकाची, शेतांतून उचलून आणायची आणि त्यांच्या पोटात काय सापडलं ते गुप्तवार्ता विभागाला कळवायचं, हे आमचं काम. हुद्द्याने मी वरची, ते वॉरंट ऑफिसर. वयाने माझ्या वडिलांएवढे. मी पंखाकडे हात नेला, तेव्हा त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली आणि हळूच म्हणाले, "देगलूरकर ताई, हात मागं. आपण मेलोय हे त्याला अजून ठावं न्हाई."

त्या परक्या मुलखात अशी मराठी कानावर पडली आणि मला एकदम नांदेडला पोचल्यासारखं झालं. ते लातूरजवळच्या मुरुडचे. घरी भुसार मालाचं दुकान. पोत्यात हात घातला की तूर रेणापूरची की औशाची, हे त्यांचे वडील सांगत म्हणे. साहेबांनी तोच हात लोखंडाला लावला. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत, एरवी 'ताई'. मीही एरवी त्यांना 'मामा'च म्हणू लागले.

एक सकाळ मात्र अजून अंगावर काटा आणते. कापणी झालेल्या गव्हाच्या रानात एक विमान जवळजवळ अख्खं उतरलं होतं. स्फोटकं काढून झाली होती. वरून फोनवर फोन येत होते. तसलीच आणखी विमानं येणार असल्याची खबर होती. ती कोणत्या रेडिओ लहरीवर हुकूम घेतात ते संध्याकाळच्या आत कळलं, तर वाटेतच त्यांना आंधळं करता येणार होतं. साहेबांच्या दोन फेऱ्या झाल्या, ते विमानाच्या पोटाशी वाकले आणि म्हणाले, "ताई, डबा न्हाई."

हुकूम घेणारं आणि उलट खुणा पाठवणारं यंत्र ज्यात असतं, तोच डबा गायब होता. मी म्हटलं, "पडताना तुटून उडाला असेल."

"तुटला असता तर पत्रा फाटला असता. हे चार स्क्रू बगा. नीट फिरवून काढलेत अन् ओळीनं ठिवलेत. चोरानं फेकून दिले असते. ह्यो कारागीर हाय."

पोलीस घरोघर झडती घ्यायला निघाले होते. साहेबांनी त्यांना थांबवलं. "घरं उलथी केली की डबा विहिरीत जाईल," ते मला म्हणाले. मग गावात पंप कोण दुरुस्त करतं ते विचारलं आणि आम्ही दोघंच त्या घरी गेलो.

चाळिशीचा एक माणूस ओट्यावर मोटार उघडून बसला होता. साहेबांनी पाणी मागितलं, मांडी घातली, मोटारीत डोकावले. "भाई, वाइंडिंग लई साफ करते तुम. हमारे मुरुड में ऐसा हाथ नहीं." त्यांची ही हिंदी ऐकून तो हसला. पंधरा-वीस मिनिटं मोटारींच्याच गप्पा. मी घड्याळ बघत घामाघूम. मग त्याच सुरात साहेबांनी विचारलं, "वो डब्बे को बॅटरी लगाए क्या?"

त्याच्या हातातला पाना खाली पडला. "लगाई थी जी. बत्ती जल गई. बॅटरी हटाई, फिर भी जलती रही. डर के मारे गेहूं में दबा दिया."

आतल्या खोलीत छातीएवढी पत्र्याची कोठी होती. मी धावले, झाकणाला हात घातला.

"हात मागं." साहेबांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग ते जवळ येऊन हळू म्हणाले, "दिवा जळायलाय, म्हंजी त्याच्या पोटातली बॅटरी जागी हाय अन् तो अजून बोलायलाय. पत्र्यातून अन् एवढ्या गव्हातून त्याचा आवाज बाहेर जाईना. झाकण काढलं की आपण कुठं हाय ते तिकडं कळंल."

"मग काय करायचं?"

"कोठीच उचला."

आठ जवानांनी गव्हासकट कोठी ट्रकवर चढवली. मागे घरची बाई रडत उभी होती. वर्षाचं धान्य चाललं होतं. "बहनजी, दाना दाना वापस आएगा," साहेब म्हणाले आणि कोठीला पाठ लावून बसले. प्रयोगशाळेत, जिथून एकही लहर बाहेर पडत नाही अशा खोलीत, झाकण उघडलं. गव्हाच्या तळाशी हिरवा दिवा अजून लुकलुकत होता. दिवस मावळायच्या आत लहर सापडली. पुढची विमानं आली ती भरकटली आणि ओसाड माळावर पडली. ती बातमी आली तेव्हा आम्ही सगळे एकमेकांना मिठ्या मारत होतो. साहेब फरशीवर उकिडवे बसून सांडलेले गहू वेचत होते. दुसऱ्या दिवशी कोठी भरून परत गेली.

अहवाल मला लिहायचा होता. सगळं लिहिलं तर तो कारागीर तुरुंगात जाण्याची भीती होती. त्याचं नाव गाळावं का, असं मी साहेबांना विचारलं.

"न्हाई, खरंच लिवा. पण अर्धं लिवू नका. काढलं त्यानं, अन् स्वतःच्या तोंडानं सांगितलं बी त्यानंच."

मी दोन्ही लिहिलं. त्याला समज देऊन सोडण्यात आलं.

पुढे साहेब निवृत्त होऊन मुरुडला गेले आणि काही महिन्यांतच हृदयविकाराने गेले. मी रजा काढून त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. त्यांच्या पत्नीने मला जवळ बसवून घेतलं.

"बाई, एवढी वर्सं नौकरी केली, पण तिकडं काय करायचे ते कधी सांगितलं न्हाई. तुमी तरी सांगा."

तेव्हा मलाही फार सांगायची मुभा नव्हती. मी म्हटलं, "पडलेलं उचलायचे, मामी. काही न मोडता, न सांडता."

त्या म्हणाल्या, "अन् घरी जेवल्यावर ताट कधी उचललं न्हाई." पदर तोंडाला लावून त्या हसल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.