बारीक भोकाचे डबे

आमच्या गल्लीत बायकांसाठी दीनी तालमीची, म्हणजे धर्मशिक्षणाची, शाळा आहे. ती मी जवळजवळ बुडवलीच होती. हे मीच सांगितलेलं बरं, नाहीतर शेजारणी तिखटमीठ लावून सांगतील.

शाळा काढली शा ग्वेईलाननं. आम्ही तिला शा मावशी म्हणायचो. लहानपणी ती खायफंग शहरात बायकांच्या मशिदीत सात वर्षं शिकली. आमच्यात शिक्षण पुरं झालं की गुरू शिष्याच्या अंगावर हिरवा झगा घालतात, मगच त्यानं दुसऱ्यांना शिकवायचं. मावशीची गुरुबाई झग्याच्या महिनाभर आधी वारली. पुढे सरकारनं मशिदीही बंद केल्या. मावशी मोज्यांच्या कारखान्यात लागली आणि यंत्रांच्या खडखडाटात वीस वर्षं रोज मोठ्यानं पाठांतर करत राहिली. मुकादमाला वाटायचं, बाईला गाण्याची हौस आहे.

मशिदी पुन्हा उघडल्या तशी ती मशिदीच्या कारभाऱ्यांकडे, हाई आजोबांकडे गेली. मी तिथं आमच्या दुकानातलं सुपाचं पातेलं पोचवायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"झगा कुठाय तुझा?" आजोबांनी विचारलं.

"गुरुबाई गेल्या, झगा राहिला."

"मग शाळा कशी देऊ? आणि गल्लीतल्या या म्हाताऱ्या आता शिकून काय दिवे लावणार आहेत? बायकांना न्हाणीघर मात्र हवंय. मागची कोळशाची खोली घे."

"द्या," मावशी म्हणाली. इतक्या लवकर ऐकलं म्हणून मला तिचा रागच आला.

न्हाणीघर झालं. नमाजाआधी पाक, म्हणजे शुद्ध, होण्याची आमची आंघोळ वाहत्या पाण्याची. छताला पत्र्याचा डबा टांगायचा, त्याच्या बुडाला भोक, भोकाला बूच. बूच काढलं की खाली उभं राहायचं. पण मावशीच्या डब्यातून पाणी यायचं ते म्हाताऱ्याच्या नाकासारखं! दर शुक्रवारी बाहेर बाकांवर ही रांग. मावशी त्या रांगेपुढे बसून नमाज शिकवायची, कुराणातल्या ओळी म्हणवून घ्यायची.

मीही म्हणायचे, तोंड वाकडं करून. मशिदी बंद होत्या त्या वर्षांत माझी आई गेली. तिच्या कबरीपाशी म्हणायला आमच्या घरात कुणालाच दोन शब्द येत नव्हते. कुराणातला पहिला अध्याय फातिहा, त्याच्या सात ओळींपैकी पाच मला त्या बाकावर आल्या. पण दुकानात सूप उतू जायची धास्ती. शेवटी माझा पारा चढला आणि मी आजोबांकडे गेले.

"आजोबा, ही आंघोळ आहे की शिक्षा? एकेकीला अर्धा तास लागतो!"

त्यांनी लगेच मोठ्या भोकांचे नवे डबे आणवले. मावशीला म्हणाले, "तुझ्या बाया रांगेपायी बसतात. आता आंघोळ झाल्यावरही बसल्या तर खोली शाळेची. नाही बसल्या तर शुक्रवारीच बाक उचलायचे."

मी मावशीला ऐटीत सांगितलं, "माझ्यामुळे डबे आले हं!"

ती हसली. "अगं, ती भोकं मीच बारीक करून घेतली होती. कल्हईवाला नको नको म्हणत होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग मला बोलली का नाहीस?"

"थोड्या लबाडीनं आणलेल्या बाया किती दिवस धरून ठेवायच्या? जिच्या नशिबात असेल ती येईल."

शुक्रवारी पाणी धो धो आलं. अंगणात आजोबा हात मागे बांधून उभे. पहिल्या तिघी न्हाऊन थेट फाटकाबाहेर गेल्या. मावशी मान खाली घालून पुस्तकाची पानं चाळत होती. चौथी मी. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं, नवरा दोनदा हाक मारून गेला होता. ओल्या केसांवर फडकं गुंडाळलं आणि बाकावर बसले.

"सहावी ओळ सांग, मावशी."

तिनं वर बघितलं. सहावी ओळ सांगितली. मग माझ्या मागची बसली, तिच्या मागची बसली. पहिल्या तिघींतली एक फाटकातून परत आली. "सूपवाली बसतेय तर मला काय धाड भरलीये?" बाक पुरेनात.

आजोबांनी शब्द पाळला. झग्याचं मात्र म्हणाले, "तो गुरूनंच घालायचा असतो."

"तिचे गुरू नाहीत, शिष्या आहेत ना!" मी म्हटलं. ते पुटपुटले, "घाला बाई."

आम्ही वर्गणी काढून हिरवं कापड आणलं. मावशी म्हणाली, जिनं तक्रार केली तिनंच घालावा. मी तो तिच्या खांद्यांवर चढवला.

झगा अंगात घालून ती शाळेत गेलीच नाही आधी. माझ्याबरोबर आईच्या कबरीवर आली. मी सातही ओळी म्हटल्या. चौथीत चुकले, रडले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खुदाचे उपकार, आणि त्या बारीक भोकांचे. मावशी शेजारी उभी होती, शेवटी "आमीन" म्हणाली.