बऱ्या दिवसांचे फोटो

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. चिंचवडच्या आसपास माळावर एकेक नवा कारखाना उभा राहत होता. आमचा कारखाना इंजिनाचे सुटे भाग करायचा आणि मी तिथे लेथवर लोखंड कातणारा टर्नर होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या, मागे छोटं अंगण. त्या हिवाळ्यात माझे हात सकाळचे उघडेनासे झाले.

बोटांची पेरं बोरासारखी सुजत. मूठ एकदा मिटली की उघडायला दुसरा हात लागे, आणि दुसऱ्या हाताचीही तीच गत. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. मी म्हणालो, हा तर म्हाताऱ्यांचा रोग. ते म्हणाले, "तुमचा वेगळा आहे. हा जाणार नाही. कमी-जास्त होत राहील."

या 'कमी-जास्त'चा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. सकाळी सातला मी लाकडाचा ओंडका असे. दहा-अकराला, ऊन चढलं की, बोटं हळूहळू माझी होत. एखादा आठवडा इतका चांगला जाई की आपण उगाच रडतोय असं वाटे. मग पुढच्या सोमवारी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नसे.

शेजारच्या लेथवर चाकणकडच्या एका खेड्यातला गडी होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. त्या वर्षभर त्यानेच मला निभावून नेलं. कामाचे कपडे चढवले की मला बटणं लावता येत नसत. तो मला कपाटाआड ओढायचा आणि भराभर बटणं लावायचा. "वहिनीला सांगू नगं बरं का, तिचं काम म्या काढून घेतलं म्हनंल," असं म्हणून हसायचा. जड काम तो माझ्या लेथवर चढवून द्यायचा आणि फोरमन वळेपर्यंत आपल्या जागी जाऊन उभा राहायचा. मला सख्खा भाऊ नाही. त्या वर्षात मला ती उणीव जाणवली नाही.

शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मला तीन महिन्यांची अर्ध्या पगाराची रजा मंजूर झाली. पहिले पंधरा दिवस मी खाटेवर पडून आढ्याचे वासे मोजले. बायको निर्गुडीच्या पाल्याचा शेक द्यायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. एक दिवस तिने ट्रंकेतून तिच्या भावाचा पेटी कॅमेरा काढला. भाऊ फौजेत होता आणि बदली झाल्यावर कॅमेरा आमच्याकडेच राहिला होता. "माझ्याकडे बघून ओरडण्यापेक्षा यातून बघा," ती म्हणाली.

अंगणात तिने लावलेली जास्वंद होती, कर्दळ होती, कुंपणाला कोरांटी. जास्वंदीवर शिंजीर हा पक्षी यायचा, अंगठ्याएवढा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा. तो पेटी कॅमेरा लांबचंच बघायचा. तीन हातांवरचं फूल म्हणजे नुसता धुरळा. पिंपरीच्या बाजारात एक घड्याळं दुरुस्त करणारे चाचा होते. त्यांनी चाळिशीच्या चष्म्याची एक काच कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवून दिली. "तीन फुटांवर ठेवायचं. जवळ नको, लांब नको. मग अल्लाची मर्जी आणि पाखराची," ते म्हणाले.

बोटांनी खटका दाबता येत नव्हता. मी कॅमेरा स्टुलावर ठेवून विटेने पक्का केला, खटक्याला दोरा बांधला आणि दोऱ्याचं दुसरं टोक मनगटाला. फुलाचा अंदाज घेऊन मी ओट्यावर बसून राहायचो. पाखरू आलं, क्षणभर स्थिर झालं, की मनगट मागे. एका रोलात आठ फोटो. पहिल्या रोलात सात नुसती हललेली पानं आणि एक बायकोचा पदर.

पण बसणं मला जमू लागलं. आजाराने दुसरं काही नाही तरी तेवढं शिकवलं होतं. शिंपी पाखरांची जोडी, बुलबुल, कुंपणावरचा दयाळ. शिंजीर तर फुलाशी आला की थरथरतच राही आणि फोटोत त्याचा नुसता डाग येई. पावणेदोन महिन्यांनी तो एकदा जास्वंदीच्या देठावर बसला आणि मान वळवून थांबला. चाचांनी तो फोटो धुऊन आणला तेव्हा मी लहान मुलासारखा तो घेऊन घरभर फिरलो. लाल फूल फोटोत काळंभोर आलं होतं, पण त्याची बाकदार चोच सुईसारखी स्पष्ट होती.

शेजारच्या लेथवरचा तो मित्र दर रविवारी यायचा. त्याने तो फोटो हातात धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो तू काडला? त्या हातांनी?"

"मनगटाने," मी म्हणालो आणि दोरा दाखवला.

"लई भारी राव. माज्या पोरांना दाखवतो. देतोस का चार?"

मी सहा दिले. प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने पाखराचं नाव लिहिलं, वार आणि वेळ लिहिली, आणि खाली 'काकाकडून'.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातून बोलावणं आलं. लेबर ऑफिसरच्या टेबलावर माझे सहाही फोटो ओळीने मांडलेले होते. क्षणभर मला वाटलं, कुणीतरी कौतुक करणार आहे. खोटं कशाला सांगू, मी चक्क हसलो.

"हे तुम्ही काढलेत?" त्यांनी विचारलं.

बायकोने काढले, असं सांगता आलं असतं. तेवढ्याने कदाचित सुटलोही असतो. पण शिंजिराकडे बघून माझ्या तोंडून ते निघेना. "हो, मीच," मी म्हणालो.

"रजेच्या काळात?"

"हो. पण साहेब, सकाळी अकरानंतर. सकाळी माझे हात..."

"म्हणजे अकराला हात चालतात." त्यांनी एक फोटो उलटा केला आणि माझंच अक्षर माझ्यापुढे सरकवलं. "लेथला चालत नाहीत, कॅमेऱ्याला चालतात."

मी दोऱ्याचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. दोन महिन्यांत हाताला लागले ते एवढेच, हे सांगितलं. बोलता बोलता मलाच ते बनावट वाटू लागलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुमच्या जवळच्या माणसानेच आणून दिलेत. मला डोळे मिटता येत नाहीत," ते म्हणाले. उरलेली रजा रद्द झाली, पुढे वाढवून मिळायचीही सोय उरली नाही. सोमवारपासून पहिली पाळी.

मी घरी न जाता तडक मित्राच्या खोलीवर गेलो. चिंचवड गावात एकच खोली, तीत चार पोरं, आई आणि नवरा-बायको. तो दारातच बसला होता. मला बघून उठला नाही.

"तू दिलेस?"

"व्हय."

त्याने नाही म्हणावं म्हणून मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "क्वार्टरच्या यादीत म्या पहिला हाय. दोन वरीस झाली. तू नोकरी सोडल्याबिगर खोली मोकळी व्हत न्हाई. तुला काय, दोन मानसं. हितं आई पोरांच्या पायाशी झोपती."

"मला सांगायचं होतंस."

"सांगून तू दिली असतीस?"

मग तो जरा आवाज चढवून म्हणाला, "आन म्या खोटं काय सांगितलं? फोटू तूच काडलेस न्हवं?"

आतून त्याची धाकटी पोर बाहेर आली आणि "काका, चिमणीचे फोटो साहेबांनी परत दिले का?" असं विचारू लागली. त्याच्या बायकोने तिला दंडाला धरून आत नेलं. मी परत फिरलो.

पहिल्या पाळीला मी सव्वा महिना गेलो. बटणं बायको घरून लावून द्यायची, वर कोट. शेजारच्या लेथवरून कुणी माझ्याकडे बघत नसे. एके सकाळी हातातला जॉब, लेथवर चढवायचा लोखंडी तुकडा, निसटून पायावर पडला आणि त्याच दिवशी मी राजीनामा लिहिला. लिहिला बायकोने, सही माझी. महिन्याभरात आम्ही कासारवाडीला स्टेशनाजवळ एका खोलीत आलो. आमच्या जागी कोण राहायला गेलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. बायकोने शिवणकाम धरलं. चाचांनी मला दुकानात दुपारचं बसवून घेतलं; कारखान्यात लागणारी माणसं ओळखपत्राला फोटो मागू लागली होती, ते मी काढू लागलो. माणूस सांगितलं की स्थिर बसतो, त्यामुळे ते काम सोपं होतं.

पोटाचं असं निभावलं. पण माझ्यात एक खोड शिरली ती निघाली नाही. बरं वाटलं की मी ते लपवू लागलो. रस्त्याने ओळखीचं कुणी दिसलं तर मुद्दाम सावकाश चालायचो. चांगल्या दिवशी ओट्यावर बसायची भीती वाटे, कुणी बघितलं तर? ज्याला दुखण्याचा पुरावा सतत द्यावा लागतो, त्याला मोकळं हसताही येत नाही. त्या मित्राने खोली घेतली याचा राग काही वर्षांत निवला. त्याच्या पोरांना खोली मिळाली याचं एखादे वेळी बरंही वाटलं. माझे अकरा वाजल्यानंतरचे तास मात्र त्याने नेले, आणि ते त्याच्या काहीच उपयोगाचे नव्हते.

एका सकाळी मी जागा झालो तर दोन्ही हात आपोआप उघडले. वर्षातून एखादी अशी सकाळ येई. बायको चुलीपाशी होती. तिने न वळता विचारलं, "आज कसं आहे?"

"तसंच," मी म्हणालो.

तिने फुंकणी खाली ठेवली. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "माझ्याशीसुद्धा?"

मी गोधडीखाली हात घेतले होते. ते बाहेर काढायला मला बराच वेळ लागला.