लाईन नसताना झालेलं सेव्ह

आधीच सांगतो, भूतबाधा, करणी असलं काही मी मानत नाही. गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "आपोआप झालं" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर हसतो. पण २००८च्या उन्हाळ्यातल्या एका गोष्टीपुढे माझं हसू बंद होतं...

तेव्हा आम्ही कामठ्याला राहायचो — आई, मी आणि माझी मोठी बहीण वर्षाताई. ताईला सिकलसेल होता. हाडं दुखायला लागली की आठ-आठ दिवस खाटेवर. तिच्यासाठी मी एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला होता, त्यात गाव वसवायचा एक गेम. दोन वर्षं ती तेच गाव वसवत होती. आणि त्या गेमचं ऑटोसेव्ह म्हणजे निव्वळ डोक्याला ताप! दर दहा मिनिटांनी 'सेव्ह झालं' म्हणून छातीठोक सांगायचं, आणि लाईन गेली की कधी पंधरा दिवस मागचं गाव दाखवायचं, कधी काहीच नाही. लोडशेडिंग रोजचं, यूपीएसची बॅटरी मेलेली. ताई रडकुंडीला यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून बसायची.

त्या सकाळी तिला श्वास घेता येईना. जीपमध्ये बसवताना धापा टाकत म्हणाली, "बाबू, गेम चालू हाय. हातानं सेव कर. त्या आपोआपवाल्याचा भरोसा नाई."

मी आत पळालो. पडद्यावर 'सेव्ह झालं' दिसलं आणि मी — कॉम्प्युटरवाला मी! — त्यावर विश्वास ठेवला. बॅग उचलली नि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आलो. गेम लावला तर फाईल खराब. दहादा प्रयत्न केला, हात जोडले, शिव्या दिल्या. शेवटी रागाने प्लग उपटला आणि दाराला कुलूप लावलं. आई दवाखान्यातच होती. किल्ली एकच, माझ्या खिशात.

दुपारी तीनच्या सुमारास ताईनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "सेव केला नं?"

"केलो ना ताई. पुरा गाव हाय तसाच."

"नदीवरचा पूल?"

"तो बी."

ती मला चांगलीच ओळखून होती. "पूल तं अजून बांधलाच नाई रे..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जाऊ दे," म्हणाली आणि डोळे मिटले. साडेपाचला ती गेली.

तेरवी झाल्यावर मी प्लग लावला — ती फाईल पुसून टाकायची, एवढ्यासाठीच. गेम सुरू झाला. अख्खं गाव समोर. नदीवर पूल. आणि ऑटोसेव्हची वेळ — ताई गेली त्याच दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. कामठ्यात तेव्हा अकरा ते पाच लाईनच नसायची!

आई दारातून म्हणाली, "काऊन रडून राहिला रे?"

डिस्क तपासली, आतल्या घड्याळाची बॅटरी तपासली. घड्याळ बिनचूक होतं. आजवर कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. पण खरं सांगू? कारणापेक्षा मला तीन-दहापासून साडेपाचपर्यंतचे ते सव्वादोन-अडीच तास परत हवे आहेत. पूल बांधून झाला होता, ताई जिवंत होती... आणि मी तिच्या उशाशी खोटारड्यासारखा खाली मान घालून बसलो होतो.